ओल्या लंगोटाचे आभार

आमच्या घरात आभार मानल्यावर ‘पण’ म्हणायची सोय नाही. बाळ दूध पितंय ना, मग आभार. पितंय, पण पोट टम्म दिसतंय, असं म्हटलं की सासूबाई हातातलं काम थांबवून माझ्याकडे अशा बघायच्या, जशी काही मी भरल्या ताटावर थुंकले. मग हळूच सांगायच्या, ‘पण’ नको गं, दिलेलं हिला पुरत नाही असं वाटायचं त्याला.

‘त्याला’ म्हणजे देवाला.

तर त्या ‘पण’च्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, पोटावर आता टाके आहेत. तिला घरात सगळे चिमणी म्हणतात. तिच्या आतड्याचा एक तुकडा कापून टाकलाय, आणि उरलेलं जोडून सर्जनबाईंनी तिला माझ्या हातात परत दिलंय. आणि सगळं घर माझ्याभोवती उभं राहून मला सांगतंय, आभार मान.

आम्ही ज्यू. माझं माहेरही ज्यूच, पण तिथे शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागायचे आणि उरलेला आठवडा देव आणि आम्ही आपापल्या कामाला. सासरी तसं नाही. इथे डोळा उघडला की पाय जमिनीला लागायच्या आधी, जीव परत दिलास म्हणून आभार. पाव मोडायच्या आधी आभार, फळाचे वेगळे, पाण्याच्या घोटाचे वेगळे, वीज चमकली तर तिचेही. अशा एकेका छोट्या स्तुतीला बराखा म्हणतात. दिवसाला शंभर बराखा व्हाव्यात असा जुना दंडक आहे, आणि आई तो दुपारच्या चहापर्यंत उरकते असं माझा नवरा कौतुकानं सांगतो.

लग्न होऊन मी नुकती आले होते. संडासातून बाहेर आले तर सासूबाईंनी विचारलं, म्हटलीस का? मला हसू फुटलं. पण त्यालाही बराखा असते. हात धुवायचे आणि म्हणायचं: ज्यानं माणसाला शहाणपणानं घडवलं, अंगात छिद्रं ठेवली, पोकळ्या ठेवल्या, त्याची स्तुती असो, त्यातलं एक जरी नको तिथे उघडलं, किंवा एक जरी तुंबलं, तरी माणूस घटकाभर उभा राहायचा नाही. अर्थ कळला तसं माझं हसू गेलं. मी शास्त्र शिकलेली, चिमणी व्हायच्या आधी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी. शरीराबद्दल इतकं नेमकं बोलणारी प्रार्थना मी ऐकली नव्हती. सगळ्या बराखांत मला हीच आवडायची, हे आज सांगताना दात आवळले जातात.

सासऱ्यांचा धंदा नळ आणि पाईपांचा. खाली दुकान, वर घर. दुकानात पांढरी बेसिनं एकावर एक रचलेली, भिंतीवर नळांच्या रांगा, आणि रबरी वायसरांचा वास जिन्यानं वर यायचा. सासरे बाहेरची कामं करतात, नवरा गल्ल्यावर बसतो. सासरे म्हणायचे, ही आपल्या धंद्याची बराखा आहे. तुंबलं की माणसाला आधी देव आठवतो आणि मग मी.

असं हे घर. उभा जन्म जगाचे पाईप मोकळे करण्यात गेलेला, दिवसातून दहा वेळा मोकळ्या छिद्रांचे आभार मानणारं. आणि याच घरात माझी मुलगी तुंबली होती, आणि कुणाला पत्ता नव्हता.

बाळंतपणानंतर माझा एक स्तन दगडासारखा झाला, सणसणून ताप भरला. मी पलंगाला खिळले. सासूबाई चिमणीला पाजायला तेवढी माझ्याजवळ आणायच्या. बाकी अंघोळ, झोप, लंगोट सगळं त्यांच्याकडे; रात्री पाजताना एखादा लंगोट मी तापाच्या गुंगीत, अंधारात बदलायचे तेवढाच. त्यांच्यावर मी तेव्हा खूष होते, ते खोटं बोलणार नाही. न्हाणीघरातून त्यांचा आवाज यायचा. लंगोट बदलला की हात धुऊन त्या चिमणीच्या वतीनं तीच बराखा म्हणायच्या. तिला बोलता येत नाही ना अजून, तिच्या वाटची मी म्हणते, असं म्हणायच्या. न्हाणीघराची खिडकी खालच्या दुकानाच्या मागच्या बाजूला उघडते. आवाज खणखणीत. खाली गिऱ्हाईकं हसायची म्हणे.

त्याच दिवसांत चिमणीला बाळांच्या डॉक्टरांकडे दाखवायचं होतं. नवरा आणि सासूबाई घेऊन गेले. परत आले ते हसत. वजन बरं आहे, टोचून घेतलं, सगळं ठीक आहे.

ताप उतरला, मी उठले, लंगोट हातात घेतले. ओला. पुन्हा ओला. दुसऱ्या दिवशी ओला, तिसऱ्या दिवशी ओला. पोट मात्र ढोलकीसारखं, वर निळ्या शिरा दिसायला लागलेल्या. मी सासूबाईंना सरळ विचारलं, तुमच्याकडे होती तेव्हा शी व्हायची का हिला? त्या म्हणाल्या, अगं दूध पितेय, अंग धरतेय, आभार मान. मी पुन्हा विचारलं, शी व्हायची का? त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, तुझा ताप पुरता गेला नाही वाटतं. प्रयोगशाळेत कुणाला विचारलं, या बाटलीतल्या पाण्यात जंतू सापडले का, आणि त्यानं उत्तर दिलं की बाटली सुंदर आहे, तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. घरात मात्र मलाच खुळ्यात काढलं.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, डॉक्टरांनी बघितलंय. डॉक्टरांना फोन केला तर म्हणे, मी तपासलंय, सगळं व्यवस्थित आहे. आईच्या दुधावरच्या बाळांना आठवडाभर नाही झाली तरी चालतं. मी म्हटलं, आठवडा उलटला. ते म्हणाले, पहिलटकरणींचं असंच असतं, तुम्ही थोडी झोप काढा. मी झोप काढायची आणि माझ्या मुलीचं पोट बघायचं कुणी? हे मी फोन ठेवल्यावर म्हटलं. ठेवायच्या आधी म्हणायला हवं होतं.

मग एका सकाळी चिमणीनं हिरवी उलटी केली. हिरवी म्हणजे पालेभाजीच्या पाण्यासारखी. मी कुणाला विचारलं नाही. तिला दुपट्यात गुंडाळलं आणि पायात घरातल्याच सपाता, तशी टॅक्सी पकडून मोठ्या हॉस्पिटलात गेले. नवरा आणि सासूबाई मागून आले. तिथल्या सर्जनबाईंनी पोटावर दोन बोटं ठेवली आणि त्यांचा चेहराच बदलला. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, आतड्याच्या शेवटच्या तुकड्यात नसाच तयार झालेल्या नव्हत्या. ज्या नसांनी ‘पुढे ढकल’ म्हणून सांगायचं, त्याच नाहीत. तो तुकडा मुठीसारखा मिटलेला, आणि मागे सगळं साचलेलं. आणखी उशीर झाला असता तर, असं म्हणून त्या थांबल्या आणि सहीसाठी कागद पुढे केला.

माझ्या शेजारी सासूबाईंचे ओठ हलायला लागले. वाईट बातमीलाही एक बराखा असते; न्याय करणारा खरा आहे, अशी. मयताच्या बातमीला म्हणतात ती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, “आई, ती तोंडातच ठेवा. पोरगी जिवंत आहे.” नवरा म्हणाला, अगं, असं काय बोलतेस आईशी. मी सही करत होते, म्हणून त्या दिवशी तो वाचला.

ऑपरेशन झालं. चिमणी घरी आली. सर्जनबाईंनी सोडताना बजावलं की अजून सुटलो असं समजू नका. आतड्याला पुन्हा सूज येऊ शकते, आणि ती लहान बाळाला काही तासांत घेऊन जाते. पोट फुगलं, ताप आला, घाण वासाची पातळ शी धबाधबा व्हायला लागली, तर कुणाचं मत विचारत बसू नका, उचला आणि या. तपासणीला आलात की मला नेमकं सांगायचं, काय झालं, किती वेळा, कसं. माझं निम्मं निदान तुमच्या सांगण्यावर असतं.

हे वाक्य मला सगळ्यात जड गेलं. कारण आमच्या घरात सांगणार कोण, आणि ऐकणार कोण, हे मी बघून चुकले होते. पुन्हा सूज आली, मी म्हटलं पोट फुगलंय, आणि पुन्हा हे सगळे म्हणाले, आभार मान, तर?

आणि नेमक्या याच वेळी सासऱ्यांनी आभाराचं जेवण काढलं.

माणूस मोठ्या संकटातून वाचला की चार माणसं बोलावून जेवण घालायचं, आणि काय घडलं ते सगळ्यांसमोर सांगून देवाची स्तुती करायची, अशी आमच्यात पद्धत आहे. सासऱ्यांनी दोन मोठे पाहुणे ठरवले. एक, प्रार्थनाघरात प्रार्थना चालवणारे म्हातारे हझानकाका. दुसरे, बाळांचे डॉक्टर. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, सर्जनबाई ना? नाही, त्या बाहेरगावी आहेत. आणि आपले डॉक्टर घरचे, त्यांनीच तर मोठ्या हॉस्पिटलात शब्द टाकला. शब्द टाकला, हे खरं. मी चिमणीला घेऊन तिथे पोचल्यानंतर, नवऱ्यानं फोन केला तेव्हा. पण घरात गोष्ट आता अशी फिरत होती की डॉक्टरांनी ओळखलं, डॉक्टरांनी पाठवलं, डॉक्टरांमुळे वाचली. माझ्या सपाता त्या गोष्टीत नव्हत्या.

डॉक्टरांना भेट म्हणून सासऱ्यांनी बेसिनचा एक भारी नळ चकचकीत कागदात बांधला. आमच्या घरात लग्न असो की बारसं, भेट म्हणजे नळच.

मी म्हटलं, त्या माणसाचे आभार मी मानणार नाही. सासरे रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत, समजावतात. ते जास्त वाईट. म्हणाले, बेटा, मिसरच्या नदीला शिक्षा करायची होती तेव्हा मोशेनं स्वतः काठी उगारली नाही, भावाला उगारायला लावली. का? तर तान्हा असताना त्याला टोपलीत घालून सोडलं, तेव्हा त्या नदीनं त्याला लपवलं होतं. पाण्याचेसुद्धा उपकार ओळखायचे, अशी आपली शिकवण. हा तर माणूस आहे.

मी म्हटलं, “बाबा, नदीनं त्याच्या आईला झोप काढायला सांगितलं नव्हतं. आणि त्याची बहीण लव्हाळ्यात उभी राहून टोपलीवर नजर ठेवून होती. तिचे आभार कुणी मानले?”

सासऱ्यांनी नळावरची रिबीन सारखी केली.

काय घडलं ते बाळाच्या आईनं सांगावं, असं नवऱ्यानंच सुचवलं. दोन गोड शब्द बोल, म्हणाला, म्हणजे तुझ्याही मनातलं निघून जाईल. मी म्हटलं, बोलते. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. गोड गं, असं त्यानं पुन्हा एकदा सांगितलं.

जेवण वरच्या खोलीत. दोन टेबलं जोडून वर एकच चादर घातलेली, मधे फट होती तिथे पाण्याचा पेला ठेवला की कलंडायचा. सगळ्यांनी हात धुतले, हझानकाकांनी पाव मोडला, मिठाला लावून सगळ्यांना दिला. डॉक्टर टेबलाच्या टोकाला, मानाच्या खुर्चीत, नळाचं खोकं पायाशी. माणूस वाईट दिसत नव्हता, हेच मला सोसत नव्हतं. सासूबाई त्यांना आग्रह करकरून वाढत होत्या. माझ्या मांडीवर चिमणी. माझा एक हात तिच्या पोटावरच होता. तो हल्ली तिथेच असतो.

सासऱ्यांनी खाकरून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे मान हलवली.

प्रयोगशाळेत करायची सवय तशी मी सुरुवात केली. काय दिसलं, कधीपासून, कुणाला सांगितलं. लंगोटांचं सांगितलं. निळ्या शिरांचं सांगितलं. फोनचं सांगितलं. सासूबाईंच्या हातातला डाव भांड्याच्या वर तसाच राहिला. मी डॉक्टरांकडे वळून म्हटलं, “बाबांनी मला तुमचे आभार मानायला सांगितलंय. मी मानते, पण आधी एक सांगा. मी होत नाही म्हणत होते आणि तुम्ही व्यवस्थित आहे म्हणत होतात. ते ‘व्यवस्थित’ तुम्ही आणलंत कुठून?”

नवरा मला टेबलाखालून पायानं ढोसत होता. मी पाय मागे घेतला नाही.

डॉक्टरांनी तोंड पुसलं. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते शांतपणे म्हणाले, “तुमच्या मिस्टरांकडून. मी विचारलं होतं, शी कशी होते. ते म्हणाले, रोज, दिवसातून चार-पाच वेळा. आजी शेजारीच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.”

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. कुणी काही विचारायच्या आधीच तो बोलायला लागला, लहान मुलं बोलतात तसा, भराभर. की त्याला खाली दुकानात ऐकू यायचं. की आईची बराखा दिवसातून किती तरी वेळा यायची. की इतक्या वेळा म्हणजे त्यातल्या चार-पाच तरी तसल्या असणारच, असं त्यानं धरलं. की लंगोट त्यानं स्वतः कधी उघडला नव्हता.

आणि मग सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. त्या उभ्याच होत्या. म्हणाल्या, “मी तर ओल्या लंगोटालाही म्हणायचे. पाणी जातं त्याचेही आभार असतात.” मग म्हणाल्या, “ओलाच असायचा. मला वाटायचं, बाकीचं रात्री हिच्याकडे होत असेल.”

म्हणजे असं. यांनी ओल्या लंगोटाचे आभार मानले, त्यानं ते आभार ऐकून हिशेब मांडला, तिसऱ्यानं तो हिशेब खरा धरून मला झोपायला सांगितलं. तिघांपैकी खोटं कुणीच बोललं नाही. लंगोटाच्या आत बघून, आहे की नाही, एवढं सांगायचं काम होतं, ते एकानंही केलं नाही. आणि जी बघत होती तिला म्हणे ताप.

मी विचारलं, मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत? सासूबाई म्हणाल्या, त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं. आणि तोंडानं इतके आभार मानल्यावर तक्रार कशी करायची. मग त्यांनी भांडं खाली ठेवलं, हझानकाकांकडे वळल्या, आणि काळजीनं विचारलं, “काका, म्हणजे माझ्या बराखा वाया गेल्या का? घडलं नाही त्याची बराखा म्हणणं पाप ना?”

काकांनी तोंड उघडलं होतं. पाणी गेलं त्याची तर म्हटलीस, वाया कशी जाईल, असलं काही तरी ते म्हणत होते. मी ते पुरं होऊ दिलं नाही. मी उठले. चिमणी दचकली, तिला खांद्यावर घेतलं.

“बराखांचं काय झालं ते विचारताय?” मी म्हटलं. “आई, त्या बराखेत स्वच्छ लिहिलंय, एक जरी तुंबलं तरी माणूस उभा राहायचा नाही. दिवसातून दहा वेळा हे तुम्ही माझ्या मुलीच्या तोंडावर म्हणत होता, आणि ती तुमच्या हातात तुंबत होती. शब्द बघितलेत, पोर नाही बघितलीत.”

चिमणी खांद्यावर कुरकुरायला लागली. डॉक्टर हळूच म्हणाले की फोन केलात तेव्हा मात्र मी तुम्हाला परत बोलावून घ्यायला हवं होतं, ती चूक माझी. मी म्हटलं, हो, तुमचीच. त्यांनी ते कबूल केलं म्हणून मला बरं वगैरे काही वाटलं नाही. ते पुढचं वाढण न घेता उठले. नळ विसरले की ठेवून गेले, कळलं नाही. हझानकाकांनी जेवणानंतरची लांब प्रार्थना एकट्यानं, खाली मान घालून म्हटली, कारण ती म्हटल्याशिवाय उठता येत नाही.

त्यानंतर घरात मी कुणाशी कामापलीकडे बोलले नाही. नवऱ्यानं एकदा खोलीत येऊन मला धरायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही तसा चिडला. म्हणाला, मी काय मुद्दाम केलं? मी म्हटलं, मुद्दाम केलं असतंस तर निदान लक्ष देऊन केलं असतंस. तो खाली गेला आणि बराच वेळ दुकानात बेसिनं इकडची तिकडे सरकवत बसला. चिनी मातीचा आवाज वर येत होता. येऊ दे म्हटलं.

सासूबाई दुसऱ्या दिवशी आल्या, मी चिमणीचे कपडे वाळत घालत असताना. दोरीच्या पलीकडे उभ्या राहिल्या. आमच्यात असं मानतात की देवाविरुद्धचा गुन्हा देव माफ करतो, पण माणसाविरुद्धचा देवालाही माफ करता येत नाही; त्या माणसाच्या दारात जाऊन मागावं लागतं, आणि नाही म्हटलं तर पुन्हा जावं लागतं, तीनदा तरी. त्यांनी मागितलं. नेहमीचा खणखणीत आवाज नव्हता. मला माफ कर, म्हणाल्या, मी बघायला हवं होतं.

माझ्या हातात ओलं दुपटं होतं. त्यांचा चेहरा बघून कुणाचंही मन विरघळलं असतं, आणि ते विरघळू नये म्हणून मी दुपटं इतकं पिळलं की बोटं दुखली. मी म्हटलं, “मागितलंत, ऐकलं मी. आज देत नाही.”

“मग उद्या येते,” त्या म्हणाल्या.

“या.”

दुसऱ्या दिवशी आल्या, तेव्हाही मी नाहीच म्हटलं. पण त्या दिवशी मी एक गोष्ट जास्तीची सांगितली. म्हटलं, आई, मला तुमच्या डोळ्यांतलं पाणी नको. उद्या सर्जनबाईंकडे तपासणी आहे. तुम्ही आणि तुमचा मुलगा, दोघंही या. त्या विचारतील. तेव्हा कोण काय बोलतं ते मला बघायचंय.

लंगोटांच्या चिमट्यांची टोपली उचलून त्यांनी माझ्याजवळ सरकवली.

सर्जनबाईंची खोली अरुंद, आम्ही तिघं आणि चिमणी म्हणजे दाटीच. एक खुर्ची होती ती सासूबाईंना दिली, त्यांनी ती मला दिली. सर्जनबाईंनी टाके बघितले, पोट दाबून बघितलं, हात धुतले, टेबलाशी बसल्या. कागद पुढे ओढून, मान वर न करता, त्यांनी विचारलं, “हं, शी कशी होते हिला?”

माझ्या शेजारी नवऱ्यानं श्वास घेतला. मला तो श्वास ओळखता येतो. गिऱ्हाईकानं नळाची किंमत विचारली की तो असाच श्वास घेतो आणि आकडा तयार असतो. मी ठरवलं होतं की मधे बोलायचं नाही. ऐकायचं, आणि तो बोलला तर चिमणीला घेऊन इथूनच माहेरी जायचं. कपड्यांची पिशवी मी बरोबर आणली होती. तपासणीसाठीची आहे असं त्यांना वाटत होतं.

सासूबाईंनी मुलाच्या दंडावर हात ठेवला. हलकाच नाही, चांगला घट्ट.

“आम्हाला माहीत नाही, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “हिला विचारा. ही बघते.”

नवऱ्यानं घेतलेला श्वास तसाच सोडला.

सर्जनबाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि मी सांगायला लागले. पिवळी, दह्यासारखी, वास आंबूस पण घाण नाही. दूध पाजल्यावर पोट थोडं वर येतं आणि तिला उभं धरलं की उतरतं. काल संध्याकाळी उतरायला नेहमीपेक्षा वेळ लागला, म्हणून मी तिथे हात ठेवून बसले होते, आणि ते उतरल्यावरच उठले. मागच्या बाजूची कातडी लाल झालीय, इथे, बघा. माझा आवाज चढलेला होता. शेजारच्या खोलीत ऐकू जात असेल. तो खाली आणायचं माझ्या मनात आलं, आणि मी आणला नाही.

“कालचं पुन्हा सांगा,” सर्जनबाई म्हणाल्या. “उतरायला वेळ लागला ते. सावकाश सांगा, काही गाळू नका.”

मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगितलं.